सोलापूर टांकसाळीची मोगल नाणी

मोगल बादशाह औरंगजेब (कारकीर्द १६५८–१७०७) याच्या नावाने सोलापूर येथे पाडलेले चांदीचे रुपये व सोन्याच्या मोहरा. १६६८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीने सोलापूरचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला आणि सोन्याचा होन व तांब्याची नाणी रुळलेल्या या मुलखात उत्तरेकडील रुपयाचा वावर वाढला. पुढे १६९५ ते १६९९ या काळात बादशाही छावणी मंगळवेढ्यानजीक भीमाकाठी ब्रह्मपुरी येथे होती.

सुमारे ११.५ ग्रॅम वजनाच्या रुपयाच्या दर्शनी बाजूस बादशहाचे नाव गुंफलेला फार्सी दोनचरणी मजकूर व हिजरी वर्ष असते. मागील बाजूस जुलूस वर्ष, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष, आणि ‘जर्ब शोलापूर’, म्हणजे शोलापूर येथे ठोकलेले, असा मजकूर असतो. औरंगजेबाचे जुलूस वर्ष रमजानच्या १ तारखेस पालटत असल्यामुळे एकाच हिजरी वर्षाच्या नाण्यांवर दोन जुलूस वर्षे येतात: हिजरी ११०० मध्ये रमजानपूर्वी ३२ वे, त्यानंतर ३३ वे. ही जोडी जुळत नसेल, तर नाण्याच्या अस्सलपणाची अधिक कसून तपासणी करावी लागते.

हाताने ठोकलेल्या या नाण्यांत ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असल्याने कडेची अक्षरे उमटत नाहीत. नगरनामातील केवळ ‘पूर’ शिल्लक राहिले, तर ते शोलापूरचे, विजापूरचे की बुऱ्हाणपूरचे, हे उरलेल्या अक्षरांच्या वळणावरून व मजकुराच्या मांडणीवरून ठरवावे लागते. म्हणूनच नगरनाम पूर्ण उमटलेला रुपया संग्राहक विशेष मोलाचा मानतात. सराफांनी चांदीचा कस पाहण्यासाठी मारलेल्या खुणा नाणे किती हातांतून फिरले हे सांगतात. हारात ओवण्यासाठी डाक देऊन बसवलेल्या नाकीने मात्र कडेचा मजकूर झाकला जातो. चिंच किंवा आम्ल लावून नाणे उजळवल्यास त्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा बिघडतो.

जमिनीत सापडलेल्या १० रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. ठेवा फोडून सुटी नाणी विकली गेली, तर सोलापूरच्या रुपयासोबत कोणत्या नगरांची नाणी फिरत होती, हा व्यापाराच्या इतिहासाचा पुरावा नष्ट होतो. त्यामुळे ठेव्याची जागा, नाण्यांची संख्या आणि वजने यांची जागेवरच केलेली नोंद नाण्यांइतकीच जपली पाहिजे.