एक चेहरा आणि एक वाक्य: ‘सर्पिको’च्या पोस्टरवर कोण नाही?

१/ डिसेंबर १९७३. सिडनी ल्युमेट दिग्दर्शित ‘सर्पिको’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. पोस्टरवर अल पचिनोचा दाढीधारी चेहरा होता आणि सोबत एक वाक्य. त्याचा आशय असा: अनेक सहकारी पोलिसांच्या लेखी हा जगातील सर्वांत धोकादायक माणूस होता, कारण तो प्रामाणिक होता. हे पोस्टर ऐतिहासिक साधन म्हणून वाचून पाहू.

२/ फ्रँक सर्पिको ही काल्पनिक व्यक्तिरेखा नव्हे. ब्रुकलिनमधील इटालियन स्थलांतरितांचा हा मुलगा १९५९ मध्ये न्यूयॉर्क पोलीस दलात दाखल झाला. पुढे साध्या वेशात काम करताना त्याच्या हाती ३०० डॉलरचे पाकीट ठेवण्यात आले. ते जुगारवाल्याकडून आलेले होते. त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली, पण दखल कोणीच घेईना.

३/ त्याची दाढी आणि लांब केस म्हणजे साध्या वेशातील पोलिसाने वस्तीत मिसळण्यासाठी घेतलेले रूप. चित्रपटात हा बदल खरा दिसावा म्हणून चित्रीकरण उलट्या क्रमाने झाले. पचिनोने आधी केस व दाढी वाढवली, शेवटचे प्रसंग प्रथम टिपले गेले आणि मग टप्प्याटप्प्याने कात्री चालली.

४/ कोंडी फुटली ती वृत्तपत्रामुळे. २५ एप्रिल १९७० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डेव्हिड बर्नहॅम यांचे वृत्त पहिल्या पानावर छापले. त्यानंतर महापौर जॉन लिंडसे यांना चौकशी नेमावी लागली. हाच ‘नॅप आयोग’.

५/ ३ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रुकलिनमध्ये अमली पदार्थांच्या छाप्यात सर्पिकोच्या चेहऱ्यावर गोळी लागली. सोबतच्या पोलिसांनी मदतीचा संदेश धाडला नाही, शेजारच्या घरातील एका वृद्धाने फोन केला, असे त्याने पुढे सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याने आयोगापुढे साक्ष दिली.

६/ आयोगाने लाचखोर पोलिसांचे दोन वर्ग केले: समोर येईल ते निमूट घेणारे ‘गवतखाऊ’ आणि सावज हेरून वसुली करणारे ‘मांसखाऊ’. पहिल्यांची संख्या मोठी होती आणि त्यांच्यामुळेच लाच ही रीत बनली. आपल्याकडे ज्याला आढीतला एक नासका आंबा म्हणतात, तशी सबब दलातील वरिष्ठ पुढे करीत. आयोगाने ती फेटाळली. दोष आंब्यात नव्हे, आढीतच होता.

७/ आता पुन्हा पोस्टरकडे पाहा. सर्पिकोसोबत तक्रारी घेऊन दारोदार फिरलेला पोलीस अधिकारी डेव्हिड डर्क त्यावर नाही. चित्रपटातही तो ‘बॉब ब्लेअर’ या बदललेल्या नावाने येतो. बातमी छापणारा वार्ताहर नाही, साक्षी नोंदवणारा आयोग नाही. उरतो एकटा वीर.

८/ एका नासक्या आंब्यावर सारा दोष ढकलणे आणि एकाच प्रामाणिक माणसाला सारे श्रेय देणे, या दोन्ही सवयी सारख्याच आहेत. दोहोंत व्यवस्था नजरेआड होते. सर्पिकोचे धैर्य निर्विवाद आहे, पण ते एकट्याचे असेतोवर वरिष्ठांनी ते सहज दडपले. सहकारी, वृत्तपत्र आणि आयोग यांची जोड मिळाली, तेव्हा त्यातून इतिहास घडला. पोस्टरला एक चेहरा पुरतो. इतिहासाला तो पुरत नाही.