जुनी ओम्नी आरे-वारेच्या चढावर टकटक का करते? दोष पेट्रोलचा की टायमिंगचा?

रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालं की एका बाजूला समुद्र असतो आणि मध्येमध्ये दमवणारे चढ. सपाटीला गुमान चालणारी जुनी ओम्नी अशाच चढावर टकटक आवाज काढू लागते. ‘पेट्रोलच भेसळीचं’ म्हणून बहुतेक जण विषय सोडून देतात. पण अनेकदा चूक टायमिंगची असते.

१९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या आणि पुढे १९८८ मध्ये ओम्नी झालेल्या या गाडीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत ठिणगी कधी पडणार हे डिस्ट्रिब्युटर ठरवतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर तीन प्लगवर मिळून सेकंदाला ७५ ठिणग्या पडतात!

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी द्यावी लागते. ती फारच लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा दाब बसतो, इंजिन टकटक करतं आणि हे दुर्लक्षित राहिलं तर पिस्टनला भोकही पडू शकतं. उशिरा पडली तर पिकअप जातो, गाडी तापते, ॲव्हरेज घसरतं.

मग टायमिंग लावायचं कसं? आधी पॉइंट बघायचे. ते झिजले की त्यांच्यातली फट कमी होते आणि ठिणगी आपोआप उशिरा पडू लागते. त्यात किनाऱ्यावरची खारी, दमट हवा! त्यामुळे फिलर गेजने फट नीट केल्याशिवाय डिस्ट्रिब्युटरला हात लावण्यात अर्थ नाही.

त्यानंतर इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवतात. टायमिंग लाइटची चिमटी पहिल्या प्लगच्या वायरला लावतात आणि झोत मॉडेलप्रमाणे फ्लायव्हीलवर किंवा पुलीवर असलेल्या खुणेवर धरतात. खूण स्थिर दिसते. ती मॅन्युअलमधल्या अंशावर नसेल तर डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो केसभर फिरवायचा, पुन्हा आवळायचा आणि पुन्हा तपासायचं. व्हॅक्यूमची नळी काढायची की नाही, हेही मॅन्युअलमध्येच पाहावं.

लाइट नसलेले मेकॅनिक कानाने टायमिंग लावतात. आयडलिंगला इंजिन जिथे सर्वांत छान वाजतं, तिथे बहुधा ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडत असते. गॅरेजच्या दारात हे कळत नाही. माणसं, सामान भरून गाडी चढाला लागली की कळतं.