सैतानाचा सौदा आणि गोंदेड्याची गुंफा

असामान्य कलावंताच्या सामर्थ्यामागे काही अघोरी सौदा असावा, ही समजूत युरोपात दीर्घकाळ रूढ होती. इटालियन व्हायोलिनवादक निकोलो पागानिनी (१७८२-१८४०) याने वादनासाठी सैतानाला आत्मा विकला, अशी वदंता होती. मृत्यूसमयी त्याचे धर्मविधी झाले नव्हते. त्यात या वदंतेची भर पडली आणि नीसच्या बिशपने दफनास परवानगी नाकारली. पार्मा येथील दफनभूमीत त्याला जागा मिळाली ती १८७६ मध्ये.

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात अशीच आख्यायिका वेगळे रूप घेते. खंजिरीच्या तालावर भजने गाणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांच्या वाणीचे बळ भाविक गोंदेड्याच्या गुंफेतील तपश्चर्येला जोडतात. येथे सौद्याची जागा साधनेने घेतली आहे.

या वाणीची धास्ती मात्र ब्रिटिश सरकारनेच घेतली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरमध्ये उठाव झाला. जनतेला चेतवणाऱ्या भजनांमुळे महाराजांना त्याच वर्षी अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. गोंदेड्याच्या गुंफेपाशी आजही भाविकांची यात्रा भरते.