क्वेबेकच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट : उबेचा राजकीय इतिहास

१/ कॅनडातील क्वेबेक प्रांतात बहुसंख्य घरे विजेने तापवली जातात. खोलीखोलीत, बहुधा खिडकीखाली, भिंतीच्या पायथ्याशी एक लांबट पट्टी असते. तिला बेसबोर्ड हीटर म्हणतात. तिचे तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट भिंतीवर असतो आणि अलीकडे तो ‘स्मार्ट’ झाला आहे. या लहानशा उपकरणामागे ऐंशी वर्षांचे राजकारण उभे आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ आरंभ १९४४ चा. मॉन्ट्रियलची खाजगी वीज कंपनी ताब्यात घेऊन सरकारने ‘हायड्रो-क्वेबेक’ स्थापन केली. १९६२ ची निवडणूक तर वीज राष्ट्रीयीकरणाच्याच प्रश्नावर लढवली गेली. मंत्री रेने लेव्हेक हे त्या मोहिमेचे प्रमुख प्रवक्ते होते आणि ‘आपल्या घरचे मालक आपणच’ अशा आशयाची घोषणा गाजली. १९६३ मध्ये उरलेल्या मोठ्या कंपन्याही सरकारी झाल्या. फ्रेंचभाषक समाजासाठी वीज हा स्वाभिमानाचा विषय बनला.

३/ नद्या उत्तरेला आणि शहरे दक्षिणेला, ही मुख्य अडचण. १९६५ मध्ये जगातील पहिली ७३५ किलोव्होल्टची व्यावसायिक वाहिनी सुरू झाली आणि अंतराचा प्रश्न सुटला. पुढे १९७३ च्या तेलसंकटाने खनिज तेल महागले. तेलाच्या भट्ट्या सोडून घरे विजेकडे वळली आणि त्याला सरकारी प्रोत्साहनही मिळाले.

४/ या उबेची किंमत कोणी मोजली? १९७१ मध्ये क्वेबेक प्रांताचे प्रीमियर रोबेर बुरासा यांनी जेम्स बे जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. ज्यांच्या शिकारीच्या भूमीवर तो उभा राहणार होता, त्या क्री आणि इनुइट लोकांना कोणी विचारलेही नव्हते. ते न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्या. अल्बेर मालूफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. आठवडाभरातच वरिष्ठ न्यायालयाने तो स्थगित केला.

५/ अखेर १९७५ मध्ये करार झाला. भरपाई आणि काही हक्क पदरी पडले, पण विस्तीर्ण प्रदेश पाण्याखाली गेला. जलाशयांतील माशांत पारा साठू लागला. मासे हेच ज्यांचे अन्न, त्यांना ते जपून खाण्याचा सल्ला ऐकावा लागला.

६/ पूर्णतः विजेवर विसंबण्यातला धोका जानेवारी १९९८ मध्ये उघड झाला. हिमवादळाने बर्फाचे थर चढून मनोरे कोसळले. दहा लाखांहून अधिक ग्राहक अंधारात आणि गारठ्यात सापडले, काही तर कित्येक आठवडे.

७/ दुसरी अडचण रोजची. कडाक्याच्या थंडीत सारी घरे एकाच वेळी वीज ओढतात. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी मागणी ४३,००० मेगावॅटच्या पुढे गेली. वर्षातील अशा मोजक्या तासांसाठी नवे धरण बांधावे काय?

८/ येथे थर्मोस्टॅट पुन्हा रंगमंचावर येतो. मध्यवर्ती भट्टीचा थर्मोस्टॅट २४ व्होल्टवर चालतो, तो केवळ इशारा देतो. बेसबोर्डचा २४० व्होल्टचा प्रवाह मात्र थेट थर्मोस्टॅटमधूनच जातो आणि प्रत्येक खोलीला तो स्वतंत्र लागतो. म्हणून २०११ मध्ये आलेला नेस्ट येथे निरुपयोगी ठरला. या घरांसाठी निराळी उपकरणे घडवावी लागली.

९/ २०२० मध्ये हायड्रो-क्वेबेकच्या ‘हिलो’ या उपकंपनीने अशी सेवा सुरू केली. मागणी शिगेला पोहोचण्यापूर्वी घर थोडे अधिक तापवायचे, मग काही तास तापमान उतरवायचे आणि ग्राहकाला त्याचा मोबदला द्यायचा. ज्या संस्थेने एके काळी वीज वापरण्यास उत्तेजन दिले, तीच आज वापर आवरण्याचे पैसे देते.

१०/ यात विसंगती आहे, तसा धडाही आहे. खोलीतील दोन अंश कमी झाले तर आपली किंचित गैरसोय होते. नवी नदी अडवली तर कुणाची तरी भूमी कायमची जाते. १९७१ मध्ये हा हिशेब भूमिपुत्रांना वगळून मांडला गेला होता. थर्मोस्टॅट तो पुसू शकत नाही. पुढचा हिशेब मात्र तो थोडा लहान करू शकतो.