सांतांद्रेआ बासिलिका, मांतोव्हा

सांतांद्रेआ बासिलिका (इटालियन: बाझिलिका दी सांतांद्रेआ) हे इटलीच्या लोंबार्दिया प्रदेशातील मांतोव्हा शहरात असलेले रोमन कॅथलिक चर्च आहे. येशूचा शिष्य संत आंद्रेआ (अँड्र्यू) याला ते अर्पण केलेले आहे. लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती (१४०४–१४७२) या विद्वान वास्तुकाराने त्याचा आराखडा केला. प्रबोधनकालीन वास्तुकलेतील अत्यंत प्रभावी वास्तूंपैकी एक म्हणून हे चर्च ओळखले जाते. बांधकामाचा प्रारंभ होण्यापूर्वीच अल्बेर्तीचे निधन झाले आणि घुमट पूर्ण होईपर्यंत तीन शतके उलटली. त्यामुळे आज दिसणाऱ्या वास्तूचा कोणता भाग त्याच्या कल्पनेतील आहे, हा अभ्यासकांपुढील प्रमुख प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी

चर्चच्या जागी पूर्वी बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ होता. क्रुसावरील येशूच्या कुशीत भाला खुपसणारा रोमन सैनिक लाँगिनस याने येशूच्या रक्ताने भिजलेली माती मांतोव्हात आणून पुरली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. हा पवित्र अवशेष ८०४ मध्ये प्रथम व १०४८ मध्ये पुन्हा सापडल्याचे मानले जाते. त्याच्या दर्शनासाठी दूरवरून यात्रेकरू येत आणि जुने चर्च या गर्दीला अपुरे पडे.

मांतोव्हाचा शासक लुदोव्हिको तिसरा गोंझागा याने आपल्या राजधानीच्या नूतनीकरणाचे काम हाती घेतले होते. पोप पायस दुसरा याने १४५९ मध्ये येथे भरविलेल्या परिषदेनंतर त्या कामाला वेग आला. अल्बेर्तीने आखलेल्या सान सेबास्तियानो चर्चचे बांधकाम १४६० मध्ये सुरू झाले. सांतांद्रेआच्या पुनर्बांधणीस मात्र मठाधिपतीचा विरोध होता. १४७० मध्ये त्याचे निधन झाल्यावर हा अडसर दूर झाला. त्याच वर्षी अल्बेर्तीने लुदोव्हिकोला पत्र लिहून स्वतःचा आराखडा सुचविला. मानेत्ती नावाच्या वास्तुकाराच्या आधीच्या प्रतिकृतीपेक्षा आपली वास्तू अधिक प्रशस्त व टिकाऊ होईल आणि तिला खर्चही कमी येईल, असे त्याचे म्हणणे होते.

बांधकामाचा इतिहास

अल्बेर्ती एप्रिल १४७२ मध्ये रोम येथे मरण पावला. जून १४७२ मध्ये बांधकामाचा प्रारंभ झाला. प्रत्यक्ष कामाची जबाबदारी लुका फांचेल्ली या शिल्पी-वास्तुकारावर होती. लुदोव्हिको १४७८ मध्ये मरण पावला, तरी काम चालू राहिले व १४९४ च्या सुमारास दर्शनी भाग, मध्यदालन आणि त्यालगतची चॅपेले उभी राहिली.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १५९७ मध्ये, मध्यदालनाला छेद देणाऱ्या आडव्या दालनाचे काम सुरू झाले. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंझागा घराण्याची सत्ता संपून मांतोव्हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेले. फिलिप्पो युवारा याने आखलेल्या घुमटाचे काम १७३२ मध्ये सुरू होऊन १७८२ मध्ये पूर्ण झाले. हा घुमट सुमारे ८० मीटर उंच आहे.

वास्तुरचना

चर्चच्या दर्शनी भागात प्राचीन रोमन विजयकमान आणि मंदिराचे त्रिकोणी शीर्ष यांचा मिलाफ केलेला आहे. चौथऱ्यांवर उभे असलेले चार भव्य चपटे भित्तिस्तंभ वरच्या त्रिकोणिकेला आधार देतात आणि त्यांच्यामध्ये उंच कमान आहे. त्रिकोणिकेच्या शिखरापर्यंतची उंची दर्शनी भागाच्या रुंदीइतकी आहे. हा भाग मागील चर्चपेक्षा ठेंगणा व अरुंद आहे. त्रिकोणिकेच्या वर दिसणाऱ्या कमानी छताच्या प्रयोजनाविषयी मतभेद आहेत. डावीकडील विटांचा गॉथिक मनोरा १४१३ चा असून तो जुन्या मठाचा अवशेष आहे.

अंतर्भागातील रचना तत्कालीन प्रथेहून वेगळी होती. फ्लोरेन्स येथील फिलिप्पो ब्रुनेलेस्कीच्या चर्चमध्ये मध्यदालनाच्या दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा व त्यांपलीकडे पार्श्वदालने असत. अल्बेर्तीने स्तंभ व पार्श्वदालने वगळून सुमारे १८ मीटर रुंदीचे एकच दालन योजले. त्यामुळे जमलेल्या मोठ्या समुदायाला अवशेषाचे दर्शन विनाअडथळा घेता येई.

मध्यदालनावर अर्धवर्तुळाकार कमानी छत आहे. एवढ्या रुंद छताचा बाहेरच्या दिशेने पडणारा रेटा पेलण्यासाठी दोन्ही बाजूंना जाड भिंतींचे खांब असून त्यांच्यामध्ये प्रत्येकी तीन मोठी चॅपेले आहेत. खांबांच्या पोटातही लहान चॅपेले काढलेली आहेत. मोठ्या चॅपेलांची छते मुख्य छताला काटकोनात असल्याने ती त्याला आधार देतात. मोठी कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंचे अरुंद भाग हा दर्शनी भागातील क्रम आतील भिंतींवरही पुन्हा दिसतो.

या परिसरात बांधकामाचा दगड दुर्मीळ असल्याने मुख्यतः विटा व गिलावा वापरलेला आहे. भिंती व छतावरील रंगीत सजावट बहुतांशी नंतरच्या काळातील आहे.

मूळ आराखड्याविषयीचा वाद

अल्बेर्तीने आपल्या पत्रात या वास्तुप्रकाराचा उल्लेख प्राचीन एट्रुस्कन मंदिराशी जोडून केला आहे. कलेतिहासकार रिचर्ड क्राउथायमर याच्या मते, रोममधील मॅक्सेंटियसच्या बासिलिकेचे अवशेष अल्बेर्तीने एट्रुस्कन मंदिराचे मानले व त्यांवरून मध्यदालन आणि बाजूची चॅपेले कल्पिली. त्याच्या मूळ आराखड्यात आडवे दालन व घुमट होते की नाही, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

कलाकृती व अवशेष

डावीकडील पहिल्या चॅपेलात चित्रकार आंद्रेआ मांतेन्या (मृत्यू १५०६) याची समाधी व त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. पवित्र अवशेष घुमटाखालील तळघरात ठेवलेला असून गुड फ्रायडेला तो बाहेर काढला जातो. १८४८ मध्ये चर्चमध्ये मुक्कामास असलेल्या ऑस्ट्रियन सैनिकांनी अवशेषाची मूळ मौल्यवान पात्रे लुटली. सध्याची पात्रे त्यानंतरची आहेत.

प्रभाव

बाजूला चॅपेले असलेल्या छतबंद एकसंध दालनाची ही योजना पुढील शतकांत इटलीत व इटलीबाहेर अनुकरणीय ठरली. जाकोमो व्हिन्योलाने आखलेले व १५६८ मध्ये सुरू झालेले रोममधील जेझू चर्च हे येशूसंघाचे मुख्य चर्च याच परंपरेतील आहे. मांतोव्हाच्या ऐतिहासिक शहराला साब्योनेता या नगरासह २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.