वंध्यत्वाची मोजणी : कोल्हापूरच्या दत्तकविधानांपासून राष्ट्रीय नोंदवहीपर्यंत

१/ अठरा वर्षांत कोल्हापूरच्या गादीसाठी तीन दत्तक घेतले गेले : १८६६ मध्ये राजाराम, १८७१ मध्ये शिवाजी आणि १७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटग्यांचे यशवंतराव, म्हणजेच राजर्षी शाहू महाराज.

२/ ही सारी वर्षे इतिहासाला ठाऊक आहेत, कारण वारस हा राज्याचा प्रश्न होता. दत्तक अमान्य करून इंग्रजांनी १८४८ मध्ये सातारा खालसा केले होते. तथापि ही नोंद पुत्र नसण्याची होती, वंध्यत्वाची नव्हे. राजाराम महाराज तर विसाव्या वर्षीच फ्लॉरेन्स येथे निवर्तले.

३/ सामान्य घरातील अपत्यहीनतेची अशी नोंद कोण ठेवणार? दप्तराला तिचे प्रयोजन नव्हते. घराने मात्र तपासणीवाचूनच निवाडा दिला आणि 'वांझ' हा शब्द स्त्रीच्याच माथी मारला.

४/ स्वातंत्र्यानंतर मोजणी सुरू झाली, ती उलट बाजूने. १९५२ च्या कुटुंबनियोजन कार्यक्रमापासून नसबंदीचे आकडे गोळा होऊ लागले. मूल हवे असूनही न होणारी जोडपी या हिशेबाबाहेरच राहिली.

५/ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बालिका जन्मली. पुढे खासगी केंद्रे वाढली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे कायद्याने बंधनकारक नव्हती.

६/ सहाय्यक जननतंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आता प्रत्येक केंद्राला नोंदणी करावी लागते आणि उपचारांची माहिती राष्ट्रीय नोंदवहीस द्यावी लागते.

७/ जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सहापैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. केंद्राची नोंदवही मात्र पायरी चढलेल्यांनाच मोजते. गगनबावड्याची एखादी स्त्री खर्चापायी कोल्हापूर शहरापर्यंत पोहोचलीच नाही, तर ती त्या नोंदवहीत दिसणार नाही. उपचार किती झाले, हे नोंदवही सांगेल. किती जणांना मिळाले नाहीत, हे कळण्यासाठी घरोघरीच विचारावे लागेल. दप्तराने दीडशे वर्षांपूर्वी न विचारलेला प्रश्न तोच होता.