केस, तीळ आणि किरण



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी विचारले की, अंगावरचे केस काढणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला? कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, टाळेबंदीवर बोलावे. पण यंत्र आले की ते चालवणारा हात आला आणि यंत्रापुढे ठेवलेले शरीर आले. त्या दोघांचे पुढे काय झाले, याचा हिशेब ठेवणे माझ्या कामातच मोडते.

राँटगेनला क्ष-किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत, नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल या प्राध्यापकाने विल्यम डडली या आपल्या सहकाऱ्याच्या डोक्यावर एक तासभर हे किरण सोडले. नळी केसांपासून अवघ्या अर्ध्या इंचावर होती. २१ दिवसांनी तेवढ्या जागेचे केस गळून गेले. हा अपघात होता. परंतु एकाचा अपघात तो दुसऱ्याचा उपचार ठरतो, आणि कित्येकदा तिसऱ्याचा धंदा.

दुसरा होता व्हिएन्नाचा डॉक्टर लिओपोल्ड फ्रॉइंड. (स्वप्नांचा अर्थ लावणारा तो फ्रॉइड, हा वेगळा.) वर्तमानपत्रातली अशीच एक बातमी वाचून त्याला कल्पना सुचली. त्याच्याकडे पाच वर्षांची एक मुलगी आणलेली होती. तिच्या मानेपासून पाठीवर पसरलेला मोठा काळा तीळ होता आणि त्यावर दाट केस होते. १८९६ च्या अखेरीस फ्रॉइंडने तिला रोज दोन तास, असे दहा दिवस क्ष-किरणांखाली निजवले. केस झडले! क्ष-किरणांनी केलेल्या उपचारांची शास्त्रशुद्ध सुरुवात ग्रंथकार इथूनच धरतात. म्हणजे ज्या विषयाला आपण सौंदर्याचे थेर म्हणून हसतो, त्यातूनच पुढे कर्करोगावरच्या किरणोपचाराची वाट निघाली.

त्या मुलीचे काय झाले? कमरेच्या बाजूला किरण फार झाले, तेथे जखम झाली आणि ती बरी होता होईना. १९६६ साली, म्हणजे सत्तर वर्षांनी, ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी तिचा वृत्तान्त छापला. ती पंचाहत्तरीची झाली होती, तिला मुलगाही होता; पण पाठीवर व्रण होता आणि कणा वाकलेला होता. तिने जन्मभर काय सोसले, हे त्या वृत्तान्तात कोठून येणार!

यंत्र चालवणाऱ्या हाताचीही कथा सांगतो. एडिसनच्या कारखान्यात क्लॅरन्स डॅली नावाचा काचकाम करणारा कारागीर क्ष-किरणांच्या नळ्या स्वतःच्या हातावर तपासून पाही. आधी हात सुजले, मग कापावे लागले, आणि १९०४ साली, चाळिशीच्या आतच, तो गेला. एडिसनने ते काम सोडून दिले. मालकाला काम सोडता येते.

एवढे डोळ्यांसमोर घडूनही १९२४-२५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॉ. अल्बर्ट गायझरने 'ट्रायको' नावाची यंत्रे सौंदर्यगृहांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. चालवणाऱ्या बायकांना शिक्षण किती, तर दोन आठवडे! चेहऱ्यावरचे केस गेले, त्यामागून कातडी सुरकुतली, व्रण पडले, पुढे कोणाला कर्करोग झाले. १९२९ साली अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने जाहीर निषेध केला, तेव्हा कोठे तो धंदा बसला.

आता लेसरकडे वळू. १९६० साली थिओडोर मेमनने माणकाचा पहिला लेसर पेटवला. १९६३ साली सिनसिनाटीच्या लिऑन गोल्डमनने त्याचा कातडीवरचा परिणाम तपासला. १९८३ साली बॉस्टनच्या अँडरसन व पॅरिश यांनी तत्त्व मांडले : प्रकाशाचा रंग व झोताचा क्षण नीट निवडला, तर कातडीतली नेमकी हवी ती वस्तू तापते, शेजारची वाचते. केसाच्या मुळाशी काळे रंगद्रव्य असते. ते प्रकाश पिते, तापते आणि मूळ करपते. हा प्रकाश क्ष-किरणांसारखा पेशींच्या गाभ्यात शिरून मोडतोड करीत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. लेसरने तिळाचा कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, तीळ म्हणजे त्याच रंगद्रव्याच्या पेशींचा पुंजका. यंत्राला एवढेच कळते की समोर काळे आहे. केस कोणता आणि तीळ कोणता, ही निवड त्याला येत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते. तिळावर झोत पडला की तेथे भाजते, खपली धरते. कधी तीळ फिका होतो, कधी पुसट होऊन दिसेनासा होतो, कधी वेडावाकडा आकार घेतो. खरा घोटाळा येथेच आहे. डॉक्टर तीळ ओळखतात तो त्याच्या रंगावरून, कडांवरून, होणाऱ्या बदलावरून. रंग उडाला, पण पेशी खाली राहिल्या, तर धोक्याची खूणच पुसली गेली. उलट, निरुपद्रवी तीळही भाजल्यावर भिंगाखाली संशयास्पद दिसू शकतो. म्हणून आधी त्वचेच्या डॉक्टरांनी तीळ पाहावेत आणि झोत सोडताना ते पांढऱ्या आच्छादनाने झाकावेत, ही रीत पडली आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या सबंध कातडीतच रंगद्रव्य जास्त. तेव्हा भाजण्याची धास्तीही जास्त. तेथे खोल जाणारा, १०६४ नॅनोमीटरचा लेसर अधिक बरा मानतात.

आमच्या संघटनेकडे मागे एका सौंदर्यगृहातली कामगार मुलगी आली होती. गिऱ्हाइकाच्या हनुवटीवरच्या तिळावरून यंत्र फिरवण्यास तिने नकार दिला. गिऱ्हाईक रागावले आणि मालकाने तिचे दोन दिवसांचे पैसे कापले. तिचे यंत्रावरचे शिक्षण, मी मुद्दाम विचारले, तीन दिवसांचे होते. आम्ही तीन मागण्या ठेवल्या : कापलेले पैसे परत द्यावेत, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तिळांची नोंद करून ते झाकावेत, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय यंत्र लावू नये. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर बोलणी चालू आहेत.